मागं कोणी नाही

सहाव्या वळणालाही मृदुलाने बरोबर तीस मीटर आधी इंडिकेटर दिला. तिला रोज कॉलेजात शिकवायला नेणारी छोटी गाडी पहिल्यांदाच रेसट्रॅकवर आली होती.

शेजारी बसलेला सदानंद हसला. "बाई, मागं चिटपाखरू नाही. कळवताय कोणाला?"

"सवय आहे रे."

नवरा गेल्यावर सात वर्षांनी सदानंदने तिला लग्नाचं विचारलं होतं. आधी लेकीला सांगू, मग सासूबाईंना, असं म्हणत तिने दोन वर्षं उत्तर टाळलं होतं.

पुढच्या फेरीत तिचा हात इंडिकेटरकडे गेलाच नाही. ऐंशीच्या वेगात गाडी वळणातून सुरेख निघाली. सदानंदने दाराचं हँडल घट्ट धरलं.

"घाबरलास?"

"थोडासा."

गाडी थांबवून तिने हेल्मेट काढलं.

"घरच्यांना नंतर सांगू," ती म्हणाली. "सदा, आपण लग्न करू या."