करकर

मोडलेला बोल्ट तळहातावर ठेवून इंजिनिअरबाईंनी विचारलं, "हा एवढा कुणी आवळला?"

फिटरने बोल्ट लगेच ओळखला. भूकंपात कारखान्याच्या खांबांना साधा ओरखडाही आला नव्हता. पडली ती फक्त दारावरची भिंत, खांबांना बाहेरून अडकवलेली काँक्रीटची अखंड फळी. आणि जीव मुठीत धरून बाहेर पळालेल्या पॅकिंगच्या मावशी नेमक्या तिच्याखाली सापडून गेल्या.

"मीच," तो म्हणाला. "सगळेच आवळलेत. वरची क्रेन धावली की भिंती करकरायच्या. मावशी म्हणायच्या, डोकं उठतं रे."

बाईंनी आवाज चढवला नाही. बोल्टसाठी ठेवलेलं लांबट भोक त्यांनी बोटाने दाखवलं. खांब हलले की भिंतीला थोडं सरकायला जागा लागते. ती मिळाली नाही की बोल्ट तुटतो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पाना घेऊन तो शिडीवर चढला. त्याने आवळलेला नट पुन्हा हलत नाही, अशी कारखानाभर ख्याती. आज तोच हात उलटा फिरत होता. प्रत्येक नट बाईंनी सांगितला तेवढाच सोडायचा आणि तो आपोआप फिरू नये म्हणून त्यावर दुसरा बसवायचा.

खाली पॅकिंगच्या बायका कामावर परतत होत्या. त्यांत त्याची बायकोही होती. वर बघून ती थबकली.

"अहो, सैल काय करताय? आम्हाला इथंच बसायचंय."

"बाईंनी सांगितलंय."

"बाई जातील निघून. मी नाही बसायची." बाकीच्याही तिच्यामागे उभ्या राहिल्या.

तो खाली उतरला. काहीतरी थाप मारून वेळ मारून नेता आली असती. पण मग संध्याकाळच्या आत ती दुसऱ्या कुणाकडून तरी सगळं पुन्हा आवळून घेईल. बायकोला तो ओळखून होता.

"मावशींवर पडली ती भिंत घट्ट होती," तो म्हणाला. "मीच केली होती. घट्ट होती म्हणून पडली."

करकर थांबली त्या दिवशी मावशी कौतुकाने त्याच्या बायकोलाच म्हणाल्या होत्या, नवरा गुणाचा आहे गं तुझा. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, हातातल्या पान्याकडे पाहिलं. मग मावशींचं रिकामं स्टूल ओढून ती दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून बसली. हळूहळू बाकीच्याही बसल्या.

वर क्रेन सुरू झाली. सगळ्यांचे हात थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंती करकरत गेल्या.

"याने डोकं उठेल," एक नवी मुलगी पुटपुटली.

"उठू दे," त्याची बायको म्हणाली आणि तिने पुढचा खोका जवळ ओढला.