बाकांचं कंत्राट

सरकारी ऑनलाइन खरेदीत यंदा स्थानिक पुरवठादारांना प्राधान्य मिळालं आणि शाळेच्या बाकांचं काम बाहेरच्या बड्या ठेकेदाराच्या हातून निसटून गावातल्या वेल्डरच्या पदरात पडलं. दुसऱ्याच दिवशी तोंडाला फडकी बांधलेल्या तिघांनी वर्कशॉपमध्ये घुसून त्याला लोखंडी पाइपांनी गुरासारखं बडवलं. उजवा हात कोपरापासून लोंबायला लागला. तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन बायको धावत आली, आणि तिने एकाच्या तोंडावरचं फडकं ओढलं. नवऱ्याचा सख्खा चुलतभाऊ!

"भावजी, त्या ठेकेदाराची सुपारी घेऊन घरच्या माणसावर हात उचललात?"



पाइपावरचं रक्त पुसत तो म्हणाला, "वहिनी, ठेकेदार या सुपारीसाठी बाहेरची माणसं आणणार होता. आम्हीच अडून बसलो, म्हटलं, गावातलं काम आधी गावातल्यांनाच मिळालं पाहिजे."