पंचाची सही

पोलीस चौकीच्या कोठडीत शिंप्याचा धाकटा भाऊ गेला. साहेब म्हणाले, हार्ट अटॅक आला. पण शेवटचा सदरा चढवताना आईने आणि शिंप्याने त्याची पाठ पाहिली होती. कमरेपासून मानेपर्यंत काळेनिळे वळ होते.

वकिलाने पंचनामा वाचून दाखवला, "अंगावर मारहाणीची एकही खूण आढळली नाही." खाली पंचाची सही होती.

"दिसलं नाही होय मेल्याला?" आई कडाडली. "डोळे काय गहाण टाकले होते? कोण आहे तो, नाव सांगा मला. त्याच्या दारात जाऊन बसते. ज्या हाताने सही केली, तो हात झडो त्याचा!"

वकिलाने कागद फिरवून शिंप्यापुढे सरकवला आणि सहीखाली बोट टेकवलं.


"आई, तो मीच. चौकीचे गणवेश शिवायला मिळतात म्हणून साहेबांना मी कोऱ्या कागदांवर सह्या करून देत होतो."