आतून लावायची कडी

वर्षालीनं मागणी पुन्हा एकदा वाचली. 'दाराची कडी पाहिजे. आतून लावायची. जुनी चालते.'

नाव 'सदाफुली', फोटोच्या जागी फूल. खातं आजच उघडलेलं. वापरात नसलेल्या वस्तू फुकट देण्याघेण्याचा वर्ध्यातला हा ग्रुप वर्षालीच चालवायची. कोणी पाळणा मागे, कोणी कूलर, कोणी नववीची पुस्तकं. मागणी आधी तिच्या फोनवर यायची, ती एक-दोन गोष्टी विचारायची आणि पटलं तरच सगळ्यांना दिसू द्यायची. लबाडी फार चाले, म्हणून हा नियम तिनंच केला होता.

कडी आजवर कोणी मागितली नव्हती. तिनं लिहिलं, कडी तर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, फार पैसेही पडत नाहीत, मग इथं कशाला?

उत्तर आलं.

'दुकान घरचंच आहे. म्हणून मांगता येत नाई.'

वर्षालीचा अंगठा स्क्रीनवरच राहिला. राहता कुठं, हे ती नेहमी विचारायची. आज विचारलं नाही. सिंदी मेघेतल्या तिच्या घराच्या पुढच्या भागात हार्डवेअरचं दुकान होतं, मागे स्वयंपाकघर आणि तिची खोली, वर आणखी एक. वर तिची जाऊ अंकिता राहायची. धाकटा दीर सचिन गेल्यापासून त्या खोलीत ती एकटीच होती.

सचिन गेला तेव्हा सासूबाईंनी, मंदाबाईंनी, अंकिताच्या दाराची आतली कडी काढून टाकायला लावली. पोरगी दुःखात आहे, दार लावून जिवाचं काही करून घेईल, असं त्या म्हणाल्या. वर्षालीच्या नवऱ्यानं, प्रफुलनं, स्वतः वर जाऊन ती काढली होती. आपला नवरा मेलेल्या भावाच्या बायकोला किती जपतो, असं तेव्हा वर्षालीला वाटलं होतं.

आता तिला दुसरंच आठवलं. वरून येणारा लोखंडी पेटी सरकवल्याचा आवाज. फरशीला ओरखडे पडतात म्हणून तिनं अंकिताला टोकलंही होतं. पेटी दाराशी काऊन नेतं, असं विचारल्यावर अंकिता नुसती खाली पाहत राहिली होती.

घरात पुरुष माणूस एकच होता.

तिनं फोन पालथा ठेवला. मग पुन्हा उचलला आणि 'नामंजूर'वर बोट नेलं. नामंजूर केलं की मागणी नाहीशी होते, विचारणारं कोणी उरत नाही. पण ग्रुप कोण चालवतं, हे अंकिताला ठाऊक होतं. जिना उतरून जे सांगता येत नव्हतं, ते तिनं इथं मागितलं होतं. आणि ते ऐकून घेतलं, तरी दोघींनी जायचं कुठं? वर्षालीचं माहेर नाचणगावला, तिथं दोन खोल्यांत भावाचा संसार. अंकिताला तेवढंही नाही. सासूबाईंपुढे त्यांच्या लेकाचं नाव काढायचं, म्हणजे दोघींनी एकाच दिवशी रस्त्यावर यायचं.

प्रफुल माल आणायला जामला गेला होता. दुकानात कड्यांचे डबे भरलेले होते, पण गल्ल्यावर मंदाबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या नजरेतून खिळासुद्धा सुटत नसे.

वर्षालीनं शिलाई मशीनच्या खणातून पेचकस काढला आणि आपल्याच खोलीचं दार लोटून घेतलं. लग्नाच्या वर्षी बसवलेली कडी होती. वरच्या दाराची कडीही त्याच डब्यातली. स्क्रूंवर रंगाचे थर चढले होते, ते फिरता फिरेनात. तळहाताला फोड आला. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा कडी एकदम तिच्या हातात आली.

पदराखाली घेऊन ती वर गेली. अंकिता कपड्यांच्या घड्या घालत होती. कडी पाहून ती उठली आणि दार धरून उभी राहिली. जुनी भोकं तशीच होती.

"ताई, तुमच्या दाराची काढली?"

वर्षाली स्क्रू पिळत राहिली. "हलू देऊ नको."

"मंग तुमचं?"

वर्षालीनं शेवटचा स्क्रू आवळला. कडी बसल्यावर तिनं ती लावून पाहिली, काढून पाहिली. निघताना अंकितानं तिचा हात धरला. फोड दुखला, तरी वर्षालीला हात सोडवून घेववेना. पेटीचा तो आवाज तिनं इतके दिवस ऐकला होता आणि फरशीचीच काळजी केली होती.

दिवेलागणीला प्रफुल परतला. कपडे बदलायला खोलीत आला, दार लोटलं आणि सवयीनं हात कडीकडे नेला. हाताला नुसती भोकं लागली.

"कडी कुठं गेली?"

वर्षाली पलंगाच्या कडेला बसून उशांचे अभ्रे बदलत होती. "देली," ती म्हणाली. "ग्रुपवर एका बाईनं मांगतली होती. तिच्या दाराले आतून कडी नव्हती."

दार आपोआप थोडं उघडलं. त्यानं ते पुन्हा लोटलं, ते पुन्हा उघडलं. दुकानात डबेच्या डबे पडलेत, दुसरी आणून लावतो, असं काहीतरी तो म्हणेल, म्हणून ती अभ्रा हातात धरून वाट पाहत राहिली. वरून कडी सरकल्याचा आवाज आला.

कोणाले देली, असं त्यानं विचारलं नाही.