दोन्ही पायांचं वेगवेगळं

पायांची ताकद मोजणारा पॉवर मीटर आत्याला हवा होता, तोही क्रँकमध्ये, म्हणजे पायडलच्या दांड्यातच बसणारा. पण तिच्या ट्रायथलॉनच्या सायकलीत एका मीटरचा आस शिरेना आणि दुसरा फ्रेमला घासला.

"मग फक्त डाव्या पायाचा घ्या," दुकानदार म्हणाला. "तो डाव्याचा आकडा दुप्पट करून दोन्ही पायांचा म्हणून दाखवतो."

"छे! माझे पाय सख्खे नाहीत हो. दोघांचं वेगवेगळं कळू दे."

तिसरा मीटर चपखल बसला. आत्या स्टँडवरच्या सायकलीवर चढली आणि दणादण पायडल मारू लागली. पडद्यावर कोणता पाय किती टक्के जोर लावतोय याचे आकडे उमटताच तिने टुणकन उडी मारली, दुकानदाराला धरून एक गिरकी घेतली आणि धापा टाकतच फोन लावला.

"डॉक्टर, तुम्ही जो पाय कापायला निघाला होतात, तो एकावन्न टक्के काम करतोय!"