बिनअर्काच्या पेशी

“आणखी एक बाटली लागेल,” प्रेमराज सर म्हणाले. “शुक्रवारपर्यंत.”

सारिकाने मान हलवली. सर जळगावच्या कॉलेजात तिचे गाईड होते. साक्रीच्या डोंगरातली एक मुळी, तिच्यातून काढलेला पिवळा अर्क आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी, एवढ्यावर तिची पीएचडी उभी होती.

दिवाळीआधी अर्क घातलेल्या पेशी दोन दिवसांत मेल्या. शेजारच्या बिनअर्काच्या पेशीही मेल्या. पेशी ठेवायची उबदार पेटीच बिघडली होती. फेलोशिप संपत आली होती. सारिकाने सरांना फक्त अर्काचे आकडे दाखवले. पुन्हा करून बघू, मग सांगू, असं तिने ठरवलं.

सरांनी आकड्यांचा कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, “शाब्बास, बेटा.”

त्यानंतर सांगणं जमलंच नाही. प्रयोग तिने गुपचूप तीनदा केला. तिन्ही वेळा अर्कातल्या पेशी जगल्या. आणि सर दर आठवड्याला अर्काची बाटली मागत राहिले. कुठल्यातरी कंपनीला नमुने देत असतील, असं तिला वाटे.

मुळी आणून देणारी भागाबाई एकदा फोनवर म्हणाली, “आते डोंगरमा मुळी ऱ्हायनी नही, बेटा.” सारिकाला सुटल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी सर स्वतः गाडी घेऊन साक्रीला गेले आणि पोतंभर मुळी घेऊन आले.

रविवारी ती धुळ्याला सरांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नीने, सुनंदाबाईंनी, दार उघडलं. “तूच का सारिका? ह्यांच्या तोंडी रोज तुझं नाव असतं,” म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

सारिका बसलीच नाही.

“सर, अर्कात काही नाही. त्या दिवशी बठ्ठ्याच पेशी मेल्या होत्या, बिनअर्काच्याही. मी लपवलं.”

“हळू बोल.”

“मी लेखी देते. पीएचडी गेली तरी चालेल.”

सरांनी उठून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. “आणखी कोणाला माहीत आहे?”

“कोणालाच नाही.” तिचा आवाज चढला. “म्हणजे तुम्हालाही हे दाबायचंच आहे?”

सर दाराला पाठ लावून उभे राहिले. आत कपबशा वाजत होत्या.

“सुनंदाची केमो,” ते म्हणाले, “मी दिवाळीतच बंद केली.”