पंप आला की निघू

"प्रवाशांना विनंती आहे," स्पीकरमधली मुलगी गोड आवाजात सांगत होती, "इंजिन थंड ठेवणारा पंप बिघडल्यामुळे आपलं जहाज लक्षद्वीपला जाणार नाही. आज संध्याकाळी आपण मुंबईला परत फिरू. दुपारी डेकवर सर्वांसाठी मोफत तंबोला."

"तंबोला घाल चुलीत!" बाळारामने इडलीची ताटली टेबलावर आपटली.

जहाज कालपासून गोव्यासमोर नांगर टाकून उभं होतं. केवढं जहाज! बाळारामच्या भिवंडीजवळच्या वडपे गावातली सगळी गोदामं एकावर एक रचली असती तरी याच्या धुराड्याला टेकली नसती. आणि एका पंपापायी ते डबक्यात बसलेल्या म्हशीसारखं हलायला तयार नव्हतं.

बाळारामला स्वतःसाठी काही बघायचं नव्हतं. बघायचं होतं ते हौसाला, त्याच्या बायकोला. तिचं माहेर खाडीकाठचं. लग्नाआधी आणि नंतरही तिने वर्षानुवर्षं गुडघाभर चिखलात उभं राहून निवट्यांची मासळी धरली होती, पण पाण्याचा तळ म्हणून कधी पाहिला नव्हता. आता तिची नजर जात चालली होती. डॉक्टरने दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. जमीन गोदामाला भाड्याने गेली, घरात पैसा आला, तरी तिने मागितलं एवढंच, "एकदा तळ दिसल असं पानी दाखवा."

"मनोजला फोन लावू का?" बाळारामने विचारलं. मनोज त्यांचा मुलगा. "वशिला लावील कुठं तरी."

"फोन बंद ठेवायचा ठरलाय ना?"

ठरलं होतं खरं. जमीनवाल्याच्या ओटीवर माणसं यायचीच, पण गेले आठ दिवस अतीच झालं होतं. मनोजनेच तिकिटं हातात ठेवली होती. "सहा दिवस दर्यावर राहा. कुनाला सापडू नका."

"गावदेवीला सांगून निघालो असतो तर हे इघ्न आलं नसतं," बाळाराम कुरकुरला.

"सांगायला जायची वाट कुठं हाय?" हौसा म्हणाली आणि चहात बिस्कीट बुडवू लागली.

शेजारच्या टेबलावर केसरीनाथ मास्तर बसले होते. अलिबागचे, निवृत्त. दोन वर्षं पैसे साठवून आलेले. सहलीच्या कागदाला त्यांनी भिंग लावलं होतं.

"इथे लिहिलंय हो, 'अपरिहार्य कारणाने मार्ग बदलू शकतो.' मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरात! आपण एक अर्ज करू या. सर्वांच्या सह्या घेऊन."

हौसा बाळारामच्या कानाशी वाकली आणि दोन शब्द बोलली.

बाळाराम खुर्चीवर चढला. "अर्ज न्हाय! दार अडवायचं! जेवनाच्या खोलीचं! दार अडवलं की आतला मानूस आपसूक बोलायला येतो!"

"काका, तुम्ही गावी पुढारी होता काय?" कोणीतरी ओरडलं.

"मी कसला? आमच्या घरात पुढारी दुसराच!"

लोक हसले. याच जोडप्याला बघून ते मुंबईच्या धक्क्यावरही हसले होते. तपासणीचं यंत्र किंचाळलं होतं आणि शिपाईबाईने हौसाच्या पदराची गाठ सोडायला लावली होती. आत बोटभर लांब चावी.

"ये क्या है, अम्मा?"

"चावी हाय. कुलूप लावून आले, तर चावी काय शेजारनीला देऊ?"

साडेबाराला सहाशे माणसं जेवणाच्या दारात बसली. आत बिर्याणी गार पडत होती. आचाऱ्यांना आत जाता येईना, वाढप्यांना बाहेर येता येईना. एक आजोबा मधुमेहाचे, तेही खिशातले शेंगदाणे खात ठाण मांडून बसले. दोन वाजता कप्तान आला. रत्नागिरीकडचा माणूस, टोपी काखेत धरलेली.

"मंडळी, माझं ऐका."

"तुम्ही आमचं ऐका!" बाळाराम पुन्हा खुर्चीवर चढून गरजला. "आमच्या भिवंडीत चार लूमवाला सुदा एक जादा पार्ट ठेवतो. एवढं मोठं जहाज, आनि दुसरा पंप न्हाय?"

"आहे."

"मंग आना!"

"पंप आना!" सहाशे माणसं ओरडली.

कप्तानने हात वर केला. "आमचं सुटं सामान मुंबईजवळ एका गोदामात असतं. काल ट्रक निघाला असता तर सकाळी पंप इथे आला असता. आत्ता तुम्ही लक्षद्वीपच्या वाटेवर असता. पण गोदामाच्या गेटला कुलूप आहे. आमचं नाही, जमीनमालकाचं. गोदामवाल्यांनी भिंत घातली, त्यात गावाची देवळाकडे जायची वाट बंद झाली. त्यावरून भांडण."

"तोडा की कुलूप!" केसरीनाथ मास्तरांनी भिंग उगारलं. "सहाशे माणसांची सहल बुडवणारा हा कोण टिकोजीराव?"

"तोडायला गेले होते. गेटसमोर गावच्या पन्नास बाया बसल्यात. म्हणतात, मालकाचा शब्द आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आणि मालक परवापासून बेपत्ता. एक फोन आला तरी पुरे. आज ट्रक निघाला तर उद्या पंप बसवतो आणि लक्षद्वीपला नेतो, माझा शब्द."

"कुठलं गाव?" बाळारामने विचारलं.

"वडपे."

बाळाराम खुर्चीवरून हळूच खाली उतरला.

"हौसा," तो पुटपुटला, "तुझं पानी गो..."

हौसाने डोळे बारीक करून कप्तानचा चेहरा शोधला. मग पदराची गाठ चाचपली आणि दातात धरून आणखी आवळली.

"लावा फोन, कप्तानसायेब," ती म्हणाली. "गोदामवाल्यांना सांगा, मालकीन बोलते. आधी भिंत पाडा."